दूध परत घेण्याबाबत

आईच्या छातीतली गाठ चार सेंटिमीटरची निघाली, आणि ती दुधाची नव्हती. हे झालं. आता आपण असं धरून चालू की हे झालंच नाही. आज सोमवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत, मॉरिटानियाच्या राजधानीला, आमच्या नुआकशोत शहराला, कालपासून वाळूने झाकून टाकलंय, आणि मी, सल्का, वय सत्तावीस, आईला दवाखान्यात फक्त साखर तपासायला घेऊन आले आहे. गाठ नाही, पाकीट नाही, काही नाही. फक्त साखर. साखरेला आमच्याकडे कोणी घाबरत नाही. तिसऱ्या पेल्यातला चहा आणि गुडघेदुखी यांच्या मधोमध कुठेतरी ती बसलेली असते, घरातल्या जुन्या माणसासारखी. तेव्हा मी निवांत आहे. नर्सने आईच्या कमरेभोवती टेप घातला आणि टेपची दोन टोकं एकमेकांना भेटली नाहीत, तोपर्यंत तर मी अगदीच निवांत होते.

टेप दीडशे सेंटिमीटरचा होता. तो आईच्या बेंबीच्या अलीकडे अर्ध्या वितीवर थांबला आणि तिथेच लोंबत राहिला. नर्स म्हणाली, "आई, जरा श्वास सोडा." आई म्हणाली, "सोडलेलाच आहे गं. आत जे उरलंय ते माझंच आहे." नर्सने तीनदा प्रयत्न केला, मग रस्त्यापलीकडच्या सेनेगाली शिंप्याकडून दुसरा टेप मागवला. शिंपी टेप घेऊन स्वतःच आला, कारण टेप एकटा कुठे पाठवायचा नाही असा त्याचा नियम होता. तो पडद्याबाहेर पाठ करून उभा राहिला, दोन टेप टाचणीने जोडून त्याने आत सरकवले, आणि नर्सने आतून सांगितलेल्या आकड्यातून टाचणीने खाल्लेला अर्धा सेंटिमीटर प्रामाणिकपणे वजा केला. "एकशे त्रेसष्ट," तो म्हणाला. आई आतून ओरडली, "मोठ्याने सांग रे बाबा, बाहेर बसल्यांना ऐकू जाऊ दे." त्याने पुन्हा सांगितलं. बाकावरच्या बायका एका आवाजात "माशाल्ला" म्हणाल्या. एकीने अंगभर गुंडाळलेल्या मलहफ्याच्या पदराआड जीभ फिरवून लग्नातल्यासारखी आरोळीही दिली. आणि आतल्या खोलीत डॉक्टर सुकैनाने तोच आकडा कागदावर लिहून त्याच्याखाली लाल रेघ ओढली. पडद्याच्या एका बाजूला आरोळी, दुसऱ्या बाजूला लाल रेघ. मी पडद्यात उभी होते. माझा निवांतपणा पुरता संपला तो तिथे, त्या क्षणी. गाठीशी त्याचा काही संबंध नव्हता, कारण गाठ अजून नव्हतीच.

डॉक्टर सुकैना तिशीची, काडीसारखी. आईने तिला पाहिल्या पाहिल्या माझ्या कानात म्हटलं होतं, "बिचारी. कोणी खाऊच घातलं नाही." आईची उपाशीपोटीची साखर दोनशे ऐंशी निघाली. आई म्हणाली, "उपाशी असताना एवढी, तर जेवल्यावर बघा." डॉक्टर हसली नाही. वय विचारलं. आई म्हणाली, कागदावर अठ्ठावन्न. कागदावर ती एकतीस डिसेंबरला जन्मली आहे, तिच्या पिढीतल्या अर्ध्या देशासारखी, कारण नोंद करणाऱ्या कारकुनाला तीच तारीख लिहायला सोपी पडायची. पाळी कधी गेली, मुलं किती, अंगावर किती पाजलं. मग डॉक्टर म्हणाली, आडव्या व्हा, आलाच आहात तर छातीही तपासते. तिचे हात आईच्या डाव्या बाजूला फिरत होते, पीठ मळणाऱ्या बाईसारखे, न बघता, दुसरीकडे कुठेतरी लक्ष असल्यासारखे. आणि मग हात थांबले. एवढंच. हात थांबण्याला आवाज नसतो. पण मला तो ऐकू आला. "ही कधीपासून आहे?" डॉक्टरने विचारलं. "ते?" आई म्हणाली. "ते दूध आहे. मागच्या रमजानपासून वर आलंय."

आईचं हे म्हणणं समजायला तिच्या पायाचं बोट पाहायला हवं. उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं. ते वाकडं आहे, बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखं वर बघतं. लहानपणी मी त्या बोटाशी खेळायचे आणि विचारायचे, हे कोणावर रुसलंय. आई म्हणायची, तस्लेमवर. तस्लेम ही दूध पाजणारी म्हातारी. आई आठ वर्षांची झाली तेव्हा तिला पूर्वेकडे, आजोबांच्या तंबूत, तस्लेमच्या हवाली केलं. सकाळी एक लाकडी वाडगा, दुपारी दोन, संध्याकाळी मोजायचे नाहीत. पोरगी नको म्हणाली की तिच्या पायाचं बोट दोन काड्यांमध्ये धरून दाबायचं. बोट दुखलं की तोंड उघडतं, तोंड उघडलं की दूध. ओकली, तर ओकलेलं पुन्हा. बारीक पोरीला कोण करून घेणार, आणि जाड पोरीचा बाप गरीब आहे असं कोण म्हणणार. एवढं साधं गणित होतं ते. ते दुष्काळाचं वर्ष होतं. अकरा गाई उरल्या होत्या आणि त्यांच्या बरगड्यांवर बसून पोरांना आकडे शिकवता आले असते. आजोबांनी ठरवलं, गाई तर जाणारच. त्यांच्यातलं जे काढता येईल ते काढून पोरीत ठेवू, पोरीतलं मरत नाही. अकरा गाईंचं दूध एका पोरीत गेलं. तिच्या भावांनी पाण्यात कालवलेलं पीठ खाल्लं आणि वाडग्याकडे बघत बसले. मग गाई एकेक करून बसल्या आणि उठल्या नाहीत. आई मात्र दोन माणसांनी उचलावी लागेल एवढी झाली. शहरात आल्यावर लोक विचारायचे, तुमचा कळप कुठाय? आजोबा आईकडे बोट दाखवायचे. हा विनोद नव्हता. निदान आमच्याकडे यावर कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा आईच्या मते सगळं सरळ होतं. दूध पन्नास वर्षं आत होतं, आता एका जागी विरजलं. त्यात डॉक्टरला सांगण्यासारखं काय? उलट तिला थोडा अभिमानच वाटला होता, तिने नंतर मला सांगितलं. जणू कळपातली एक गाय परत आली आणि छातीत बसली. डॉक्टर सुकैना खुर्ची ओढून आईसमोर बसली आणि सावकाश बोलली. म्हणाली, हे चरबीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू शकणार नाही; माझ्यासारख्या काड्यांनाही होतं. हे नक्की काय आहे तेही सुई टाकून बघितल्याशिवाय कळणार नाही. पण पाळी गेल्यावर पोटाभोवतीची चरबी नुसती बसून राहत नाही. ती स्वतः हार्मोन बनवायला लागते. साखर वाढते, तिच्यामागे शरीर इन्सुलिन सोडत राहतं, आणि त्या सगळ्यात पेशींना एकच गोष्ट ऐकू येते: वाढा, अजून वाढा. शक्यता वाढते, आई. एवढंच. दार उघडत नाही, पण कडी सैल होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी सुंदर आहे हा रोग आहे?" मला वाटलं, आपल्या सगळ्यांच्या आत एक मेत्तू मावशी बसलेली असते. मेत्तू ही आईची धाकटी बहीण. तिच्या घरी कोणी पोट भरलं म्हणून सुटलेलं नाही. "घे गं, अजून घे, लाजतेस काय," ती पेशीपेशीला आग्रह करत फिरते आहे, हातात वाडगा, मांडीखाली दोन काड्या लपवलेल्या, आणि एखादी पेशी बिचारी भिडेखातर घेते. घेते आणि वाढत जाते.

मग डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "चेहरा केव्हापासून एवढा गोल झालाय?" आई खूश होऊन म्हणाली, "दोन महिन्यांवर लग्न आहे ना तिचं. भरतेय आता." डॉक्टर म्हणाली, "हात दे," आणि मी नको म्हणायच्या आत बोटाला सुई टोचली. आमच्या घराण्यात बोट दुखावलं की तोंड उघडतं; माझं उघडलं नाही. आकडा आला. एकशे एक्क्याण्णव. "काही गोळ्या घेतेस?" तिने विचारलं. मी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "घेत असलीस तर एकदम बंद करू नकोस, आधी मला सांग. एकदम बंद केल्या तर अंगावर येतं." मी पुन्हा म्हणाले, "नाही." नाही हा शब्द दोनदा म्हटला की त्याचा हो होतो हे तिला ठाऊक असावं. गोळ्या माझ्या पर्समध्येच होत्या, वर्तमानपत्राच्या पुडीत. मेत्तू मावशीने बाजारातल्या एका बाईकडून आणलेल्या. कोणी म्हणतं त्या मेंढ्यांना ईदच्या आधी फुगवायला देतात, मावशी म्हणते माणसांच्याच आहेत; पुडीवर फक्त फुटबॉलचा निकाल छापलेला होता. माझा होणारा नवरा नुआधिबूच्या बंदरात कारकून आहे. तो फोनवर म्हणतो, सल्का, मला कशीही चालशील. पण त्याची आई म्हणते, लग्नात लोक नवरीला बघायला येतात, शोधायला नाही. तेव्हा दूध नाही, तस्लेम नाही, काड्या नाहीत. सकाळी दोन, रात्री दोन, पाण्याबरोबर. किती सोपं. मला कोणीच धरलेलं नव्हतं.

सुई टाकून तुकडा काढून झाला. निकाल गुरुवारी. मधे मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस होते आणि ते कुठे ठेवावेत मला कळेना. मी ऑफिसला गेले. मी एका मंत्रालयाच्या आवक विभागात आहे. देशभरातून येणारे अर्ज मी उघडते, त्यांना क्रमांक देते, शिक्का मारते आणि डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवते. उजवीकडे जावक विभागाचं टेबल आहे. जावक विभागात एकच माणूस आहे आणि तो मी लागण्याच्या आधीपासून रजेवर आहे; त्याच्या रजेचा अर्ज माझ्याकडेच आवक झालेला आहे, अजून मंजूर नाही. मंगळवारी मी तेहतीस अर्ज घेतले आणि प्रत्येक शिक्का मारताना डाव्या काखेत चाचपून बघितलं. भीतीची आणि साखरेची लक्षणं एकच असतात हे तेव्हा माझ्या लक्षात आलं: तोंड कोरडं, हात थरथरतात, सारखं लघवीला लागतं. मला नेमकं काय झालंय हे मला सांगता येईना. मी पाणी पीत होते आणि तहान आतून मला पीत होती. आरशात बघितलं तर एक गोल, तुकतुकीत, खुशाल चेहरा माझ्याकडे बघत होता. तो घाबरलाय हे त्याच्यावर कुठेच दिसत नव्हतं, भीतीला सुरकुती पडायला जागाच उरली नव्हती. बुधवारी मावशी घरी आली, माझा गाल चिमटीत धरून म्हणाली, "बघ, बघ, आता कुठे पोरगी वाटतेस. अजून दहा किलो, की मग मरायला मोकळी." तिला म्हणायचं होतं, लग्नाला मोकळी. ती नेहमी असंच बोलते. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि तो कलंडला.

गुरुवारी पाकीट मी एकटीने आणलं. आमच्याकडे असा कागद आजाऱ्याच्या हाती देत नाहीत. घरातला कोणीतरी आधी वाचतो, आणि मग घर ठरवतं की त्यात काय लिहिलेलं होतं. टॅक्सीत मागच्या बाकावर आम्ही चौघी होतो. शेजारच्या बाईने पाकिटाकडे बघून विचारलं, "लग्नपत्रिका का गं?" मी हो म्हणाले. तिने दुवा दिली. मग मी ते उघडलं. ते फ्रेंचमध्ये होतं, शेवटच्या ओळीत आकडा होता आणि आकड्याच्या पुढे एक शब्द होता, आणि इथे मी पुन्हा सांगते की हे काही झालं नाही. मी पाकीट बंद केलं. ऑफिसला पोचले. खुर्चीवर बसले. समोर त्या दिवशीचे अर्ज होते, त्यांच्यावर मी पाकीट ठेवलं, आणि मग हाताने जे पाच वर्षं केलंय तेच केलं: रजिस्टरमध्ये ओळ भरली, क्रमांक घातला, शिक्का मारला, डावीकडे ठेवलं. आवक क्रमांक चार हजार एकशे बारा. शिक्का बसला तसा छातीवरचा दगड उतरला. या गठ्ठ्यातून आजवर एकही कागद कुठे गेलेला नाही. इथे कशालाच काही होत नाही. दोन हजार पंधरा सालची एक विहीर इथे अजून खणायची आहे. दुपारपर्यंत मी इतकी मोकळी झाले की एका म्हाताऱ्याच्या अर्जातलं शुद्धलेखनही सुधारून दिलं.

संध्याकाळी शुद्धीवर आले. विभागप्रमुख देद्दाह साहेब कुलूप लावत होते. मी म्हणाले, "साहेब, एक कागद चुकून आवक झालाय. परत घेऊ?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आवक झालेला कागद परत मिळत नाही." "साहेब, तो माझ्या आईचा आहे." "होता. आता राज्याचा आहे." "राज्य त्याचं काय करणार?" "विचार," साहेब म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांना दया आली. "रीतसर अर्ज कर. कागद परत मिळण्याबाबत. मी स्वतः सही करून तुझ्याकडे पाठवतो, तू आवक कर." मी अर्ज केला. आवक केला. तो चार हजार एकशे तेरा झाला आणि चार हजार एकशे बाराच्या अंगावर जाऊन बसला.

त्यानंतर अकरा दिवस गेले. कागदाची नक्कल दवाखान्यात होती, डॉक्टर सुकैनाचा फोन तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा मी तो वाजू दिला, उलटा ठेवला आणि वाजणारा उलटा फोन टेबलावर सरकत सरकत गठ्ठ्यापर्यंत जाताना पाहिला. आई रोज विचारायची, "आला का गं कागद?" मी म्हणायचे, "विचाराधीन आहे." खोटं नव्हतं ते. पण घरी आईला भात वाढताना, तिच्या पाठीला तेल लावताना, तिचा मलहफा खांद्यावरून घसरला की तो वर ओढताना मला ऐकू यायचं. कोणीतरी आत बसून खात होतं. गाठ विचाराधीन असताना थांबते का? पेशींना शिक्का दिसतो का? अकरा दिवसांत एक चमचा, एक वाटी, एक वाडगा? मी बोटाने हवेत चार सेंटिमीटर मोजायचे आणि मग पाच. आईला मी मारते आहे, हे वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. मी फक्त त्याला क्रमांक देत नव्हते. आणि ती मेली तर तिच्या मयतीला माझा हा गोल चेहरा घेऊन मी उभी राहीन आणि बायका म्हणतील, पोरगी किती छान भरली. गोळ्या मी एकदम थांबवल्या नाहीत. चालूही नीट ठेवल्या नाहीत. कधी एक, कधी अर्धी, कधी पुडी उघडून नुसता फुटबॉलचा निकाल वाचायचे. कोण हरलं ते मला पाठ झालं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी घरी आले तर आई चटईवर उशीला टेकून चहा घोळवत होती. पेल्यातून पेल्यात, उंचावरून, फेस येईपर्यंत. मेत्तू मावशी शेजारी बसून पाय दाबत होती. आई म्हणाली, "मेत्तू, घरी जा." "अगं, तिसरा पेला व्हायचाय." "तुझा झाला." आमच्याकडे तिसऱ्या पेल्याआधी कोणाला उठवणं म्हणजे भांडण. मावशी उठली, दारातून मागे वळून म्हणाली, "साखर चढलीय हिला," आणि गेली. आईने माझ्यासाठी पेला भरला. पहिल्यांदाच मी पाहिलं की तिने साखरेचा डबा उघडलेला नव्हता.

"कागद कुठाय?"

"आला नाही अजून."

"सल्के, काल दुपारी ती डॉक्टरीण इथे येऊन गेली. पत्ता शोधत. त्या काडीला मी जेवायला बसवलं. चार घास खाल्ले तिने, चार, मी मोजले, आणि मग सगळं सांगितलं." आईने पेला माझ्या हातात दिला. पेला गरम होता, मी तो धरून ठेवला. "दूध नाही म्हणाली."

"हो."

"मी म्हटलं, मग पन्नास वर्षं मी काय सांभाळत होते?" आईने हे रागाने विचारलं नाही. एखादी वस्तू शोधताना विचारावं तसं विचारलं, इकडे तिकडे बघत. "भाऊ पीठ पीत होते गं. सगळ्यात धाकटा तर वाडग्याच्या बाहेरून चाटायचा. मला वाटायचं, असू दे, माझ्यात आहे ते, त्यांचं मी ठेवलंय. आता ही म्हणते, ते तिथे नाहीच. त्याचं भलतंच काही झालं."

मी म्हणाले, "आई, त्या दुधामुळेच झालं असं नाही म्हणाली ती. शक्यता म्हणाली."

"कडी सैल झाली म्हणाली. ऐकलंय मी, बहिरी नाही." मग तिने उशीखालून वर्तमानपत्राची पुडी काढली. माझी पुडी, सकाळी घरी विसरलेली. "आणि ही कोणाची कडी?"

आईने उजवा पाय पुढे केला. वाकडं बोट माझ्यासमोर आलं, रुसलेलं, वर बघणारं. "मी आठ वर्षांची होते. दोन बायका मला धरायच्या, तिसरी पाजायची. माझं बोट पिरगाळलं म्हणून मी तोंड उघडलं. तुझं बोट कोण पिरगाळतंय? दाखव. दाखव ना हात." मी हात पुढे केला. तिने माझी पाचही बोटं एकेक करून तपासली, डॉक्टरसारखी, न बघता. सगळी सरळ होती. मग ती रडायला लागली. एकशे त्रेसष्ट सेंटिमीटरचं रडणं होतं ते, सगळी चटई हलत होती, आणि मला इतकी भीती वाटली की मी हसले. आईपण हसली. दोघी घाबरून हसत राहिलो.

"एकदम बंद नाही करता येत," मी म्हणाले. "हळूहळू उतरवाव्या लागतात. तिला विचारून."

"हळूहळूच. चढवायला वेळ लागतो, उतरवायलाही लागणारच. उद्या तू तिच्याकडे जा, पुडी तिच्या टेबलावर ठेव. मग मी येते कापायला. पुढच्या बुधवारची तारीख दिलीय तिने." जरा थांबून म्हणाली, "पसरलंय का ते तिलाही उघडल्याशिवाय कळणार नाही म्हणाली. मी विचारलं, किती नेणार? म्हणाली, डावी बाजू."

"एकच बाजू, आई."

"म्हणजे साडेपाच गाई." आईने मनातल्या मनात अकराचे दोन भाग केले आणि अर्ध्या गाईपाशी अडखळली. "सल्के, मला भीती वाटते गं. कापण्याची नाही. तिथे गुंगीचं औषध देताना तोंडावर वाटीसारखं काहीतरी धरतात म्हणे. मेत्तूच्या नणंदेने सांगितलं. वरून धरतात आणि म्हणतात, घे, ओढ, अजून ओढ. मला ते नाही जमायचं. मी तोंड मिटीन. मला माहितीय मी मिटीन, आणि ते लोक माझं बोट शोधतील."

मी म्हणाले, मी तिथे असेन. आई म्हणाली, तुला आत सोडणार नाहीत. मी म्हणाले, अर्ज करीन. ती म्हणाली, "तुझ्या अर्जांचं काय होतं ते मला माहीतय." आणि मग, चहा गार होत असताना, पहिल्यांदाच बिनसाखरेचा, कडू, ती म्हणाली, "तरी एक लिही. तुमच्या भाषेत, सरकारी. मी सांगते, तू नीट कर." मी पर्समधून कागद काढला. तिने डोळे मिटून सांगितलं, मी लिहिलं, जिथे तिचा आवाज बसला तिथे मी सवयीने 'तसेच' असं घातलं. उद्या सकाळी, डॉक्टरकडे पुडी ठेवून झाली की, हा आवक होईल. चार हजार तीनशेच्या आसपास कुठेतरी.

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
सन १९७३ चा पावसाळा (न आलेला).

विषय: दूध परत घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार तेकबर मिंत सालेक, वय वर्षे आठ, हिला उक्त वर्षी अकरा गाईंचे दूध तिच्या संमतीविना देण्यात आले होते. सदर दूध तिने आजतागायत जबाबदारीने सांभाळले असून त्यातील काहीही कोणास दिलेले नाही. तरी सदर दूध मूळ गाईंना, त्या उठू शकत असल्यास, परत करण्यात यावे. व त्या उठू शकत नसल्यास अर्जदाराच्या धाकट्या भावास, वाडग्याच्या आतल्या बाजूने, देण्यात यावे. तसेच अर्जदाराच्या मुलीच्या नावे कोणताही वाडगा मंजूर झाला असल्यास तो तात्काळ रद्द करावा. तसेच उजव्या पायाचे एक बोट सरळ करून मिळावे. या अर्जावर निर्णय होईपर्यंत, बुधवार धरून, अर्जदारास तोंड मिटून बसण्याची परवानगी असावी, ही नम्र विनंती.